दोन मिनिटं बाहेर

हमीदभाई,

मंगळवारी दुपारी तुमच्या नंबरावरून आवाजी मेसेज आला, तेव्हा मी तो लगेच ऐकला नाही. वाटलं, नेहमीचंच असेल. "ताई, बऱ्या हायत ना? बाय खेळते ना?" माझ्या मुक्ताला तुम्ही कायम बाय म्हणायचात, आणि ती खेळते का, या प्रश्नाला गेली कित्येक वर्षं मी नुसतं जोडलेल्या हातांचं चित्र पाठवत आले. म्हणून मेसेज तसाच राहू दिला. मशीनमधले कपडे काढले, भाजी चिरली, चहा घेतला. संध्याकाळी ऐकला, तर आवाज तुमचा नव्हता. रुकय्याभाभी सांगत होत्या, की सकाळी नमाज झाल्यावर तुम्ही पडवीत बसलात ते पुन्हा उठला नाहीत. तुमच्या फोनमध्ये ज्यांची ज्यांची नावं होती त्यांना त्या एकेक करून कळवत होत्या. दफन चार वाजता होतं.

म्हणजे तुम्हाला मातीत ठेवलं जात होतं, त्या वेळी मी इथे जेद्दात बसून तुमचा प्रश्न चुकवत होते.

आमच्या कंपाउंडच्या, म्हणजे इथल्या परदेशी लोकांच्या वसाहतीच्या, जुन्या ग्रुपवर मीच बातमी टाकली. त्यातली अर्धी माणसं आता हा देश सोडून गेली आहेत, तरी भराभर उत्तरं आली. भला माणूस. देवमाणूस. आमच्या मुलांना किती दिलं त्यांनी. हे शेवटचं कमिटीच्या अध्यक्षबाईंनी लिहिलं होतं. मी फोन उलटा करून ठेवला. कारण आम्ही तुम्हाला काय दिलं, हे त्या ग्रुपवर कमिटीतल्या आम्हा पाच जणांना पक्कं ठाऊक आहे. त्यांत त्या आहेत आणि मी.

जेद्दाच्या शराफिया भागातलं ते दुकान आठवतं. एका बाजूला पैसे पाठवायचं काउंटर, दुसऱ्या बाजूला मलबारी हॉटेल, आणि मध्ये खेळाच्या सामानाचं चिंचोळं दुकान. तुम्ही तिथे नोकरीला होतात. डॉक्टरांनी मुक्ताच्या हाताच्या व्यायामासाठी मऊ चेंडू आणायला सांगितलं होतं. ती तेव्हा आठ वर्षांची. जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला, त्यामुळे पायांत बळ नाही म्हणून चाकांची खुर्ची, उजवा हात आखडलेला, डावा त्यातल्या त्यात बरा. मी तुमच्याकडे हिंदीत चेंडू मागितला आणि मुक्ताच्या बाबांना हळूच मराठीत म्हटलं, "हा माणूस बघा कसा टक लावून बघतोय हिच्याकडे."

"टक नाय लावली ताई," तुम्ही म्हणालात. "हात बघत होतो. डावा हात खांद्यातनं झकास सुटतोय पोरीचा."

मी गोरीमोरी झाले. तुम्ही मात्र हसलात. दापोलीच्या बाजूचं गाव, हायस्कुलात बारा वर्षं पीटीचे सर, शाळा विनाअनुदानित, अनुदानाची वाट बघता बघता केस पिकले म्हणून इकडे आलो, हे सगळं दोन मिनिटांत सांगून झालं. आणि मग काही न विचारता, काही न सांगता, तुम्ही चेंडू मुक्ताकडे टाकलात. तो तिच्या मांडीवरून घरंगळून खाली पडला. मी उचलायला वाकले.

"ऱ्हावू द्या. मी दुसरा टाकतो."

पाच चेंडू खाली पडले. सहावा तिने दंडाने छातीशी दाबून धरला आणि इतक्या मोठ्याने किंचाळली, की शेजारच्या हॉटेलातली माणसं डोकावली. घरी येताना गाडीत माझ्या लक्षात आलं, की आठ वर्षांत तिच्याकडे कुणी चेंडू टाकलाच नव्हता. आम्ही सगळे तो तिच्या हातात नेऊन देत होतो. शाळेत पीटीच्या तासाला तर ती वर्गात एकटी बसून सगळ्यांची दप्तरं राखायची, आणि बाईंनी तिला जबाबदारीचं काम दिलंय, याचा मला अभिमान वाटायचा!

कंपाउंडमधलं बास्केटबॉलचं कोर्ट शुक्रवारी सकाळी रिकामं असायचं. मुक्ताच्या बाबांनी क्लबकडून परवानगी काढली. गेटवर दर वेळी तुमचा इकामा, इथे राहायचा परवाना, ठेवून घ्यायचे आणि जुम्म्याच्या नमाजाआधी तुम्ही तो परत घेऊन जायचात. पहिल्या शुक्रवारी पाच मुलं आली. जोएल, ज्याला जेमतेम उजेड-अंधार कळायचा. हैदराबादची सना, गोल चेहऱ्याची, डाउन सिंड्रोमची, जिला कुणी थांब म्हटलं की ती पळायची. आणखी दोघं आणि मुक्ता. पुढे मुलं वाढली आणि दोन बाजू करता आल्या.

तुम्ही मुलांना काही शिकवलंच नाही. क्लबातली एक चाकांची खुर्ची, हो, ऑफिसातली, ओढून आणलीत आणि तिच्यावर बसून तीन शुक्रवार स्वतःच कोर्टावर पाय न लावता फिरत राहिलात. डोळ्यांना पंचा बांधून जोएलबरोबर चाललात. अध्यक्षबाई मला म्हणाल्या, "यह आदमी करता क्या है?" मलाही तोच प्रश्न होता. चौथ्या शुक्रवारी तुम्ही मुलांना गोल बसवलंत आणि विचारलंत, "आता सांगा, काय नडतं?"

मुलांनीच नियम केले. बास्केट उंच नडत होती, म्हणून कपड्यांच्या प्लॅस्टिकच्या टोपलीचा तळ कापून तुम्ही ती खांबाला खाली बांधलीत. चेंडू दिसत नव्हता, म्हणून त्याच्या खोळीत घुंगरं शिवलीत. टोपली कुठे आहे ते जोएलला कळावं, म्हणून तिच्यामागे एकाने टाळ्या वाजवत राहायचं, ही अक्कल जोएलची. मुक्ताकडे चेंडू असला की खडूच्या वर्तुळात कुणी शिरायचं नाही, पण तिने आठ अंक मोजायच्या आत टाकलाच पाहिजे. गोल होण्याआधी चेंडू बाजूच्या पाचही जणांच्या हातून गेला पाहिजे, हा नियम सनाचा. तिला कुणी कधी पास देत नसे, म्हणून. तुम्ही सारखे "यल्ला, यल्ला" ओरडायचात, म्हणजे अरबीत चला चला, त्यावरून खेळाचं नाव पडलं यल्लाबॉल.

आणि एक नियम तुमचा एकट्याचा. आई-बाप रेषेच्या बाहेर. मी एकदा मुक्ताच्या पायाशी आलेला चेंडू उचलून दिला, तर तुम्ही शिट्टी फुंकलीत. "आईसाहेब, आऊट!" सगळी मुलं खदखदून हसली, मुक्ता सगळ्यात जास्त. मीही हसले होते. तेव्हा हसू येत होतं.

आपलं भांडण बिल्ल्यांवरून सुरू झालं. वर्ष संपताना मी सगळ्या मुलांसाठी सारखे सोनेरी बिल्ले मागवले, आणि तुम्ही वाटायला नकार दिलात.

"हरले त्यांना कशाला?"

"मुलं आहेत हमीदभाई. त्यांनी आयुष्यात काय कमी सोसलंय?"

"म्हणूनच तर. बिल्ले वाटायचे तर बारशाला वाटा ताई. खेळात गुण असतात."

मी चिडले. मग तुम्ही कोर्टाच्या कडेला बसून युसुफची गोष्ट सांगितलीत. तुमचा धाकटा भाऊ, पोलिओचा. गावातली मुलं त्याच्यावर जीव टाकायची, त्याला कधी घरी बसू द्यायची नाहीत, क्रिकेटला उचलून न्यायची. आणि अंपायर करायची. "जन्मभर अंपायर, ताई. लई मान. पण गेला तवर एकदा पण आऊट झाला नाय तो. आऊट व्हायला आधी खेळात असायला लागतं ना."

मला ते तेव्हा पटलं नाही. मला वाटलं, हा माणूस भावाचं उसनं दुःख माझ्या मुलीवर काढतोय. बिल्ले मी घरी नेऊन कपाटात टाकले आणि तुमच्याविषयी मनात एक अढी बसली. ती मी नीट जपली.

मग तो सामना. शहरातल्या अपंग मुलांच्या एका केंद्रातली सौदी मुलं आपल्या मुलांशी खेळायला आली. त्यांची शिक्षिका अबीर, पंचविशीची असेल, तुमचा प्रत्येक नियम वहीत अरबीत उतरवून घेत होती. आदल्या दिवशी धूळ उडाली होती, म्हणून तुम्ही उजाडायच्या आत येऊन कोर्ट पाण्याने धुतलं होतंत. मुलांच्या अंगावर निळे सदरे. मुक्ता रात्रभर झोपली नव्हती.

आपण आठ-सात मागे होतो. मुक्ताच्या हातून चेंडू लागोपाठ तीनदा सुटला. ती उत्तेजित झाली की हात ताठ होतो, हे मला माहीत होतं, तुम्हालाही होतं. तुम्ही हात वर केलात. "बदली! मुक्ता बाहेर, सना आत."

मुक्ता कडेला आली आणि तिचं तोंड वाकडं झालं. ती रडायला लागली. पाहुणे फोटो काढत होते. अध्यक्षबाईंनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला अजून दिसते, तिच्यात सहानुभूती होती आणि सहानुभूतीच मला सहन होत नव्हती. मी रेषा ओलांडली.

"तिला आत घ्या."

"ताई, रेषेच्या बाहेर."

"पाहुण्यांसमोर तिचा तमाशा करू नका. आत घ्या तिला."

"दोन मिनिटं बाहेर हाय ती. हात मोकळा झाला की परत घेतो. खेळात असंच असतं."

"खेळ गेला खड्ड्यात!"

तुम्ही शिट्टी वाजवून सामना थांबवलात. जवळ आलात, आवाज खाली आणलात. "ताई, पोरगी जिंकावी असं तुमाला वाटत नाय. ती रडू नये एवढंच वाटतं. आणि ते पण तुमच्यासाठी, तिच्यासाठी नाय."

खरं बोलणाऱ्या माणसाला एक शिक्षा असते, ती मी तुम्हाला तिथल्या तिथे दिली. मी म्हटलं, की दुकानात चेंडू विकणाऱ्या माणसाने मला माझ्या मुलीबद्दल शिकवू नये. आणि हे मी मराठीत म्हटलं नाही, हमीदभाई. हिंदीत म्हटलं. तिथल्या सगळ्यांना कळावं म्हणून.

तुम्ही शिट्टी हातात धरून उभे राहिलात. मी मुक्ताची खुर्ची वळवली आणि ढकलत घरी नेली. वाटेत ती काहीतरी म्हणत होती. मी ऐकलं नाही. आपण नऊ-आठ हरलो, हे मला दुसऱ्या दिवशी समजलं.

दोन महिने मी तिला खाली पाठवलं नाही. मग तिचे बाबा न्यायला लागले. मी वरच थांबायची. आपण गेटपाशी समोरासमोर आलो की तुम्ही "सलाम ताई" म्हणायचात, आणि मी मान हलवायची.

पुढच्या वर्षी दुकानातल्या नोकऱ्या सौदींसाठी राखीव झाल्या. शराफियात एकेक शटर खाली यायला लागलं. तपासणीला माणसं आली की तुम्ही मागच्या दाराने मलबारी हॉटेलच्या स्वयंपाकघरात जाऊन उभे राहायचात, हे तुम्ही मुक्ताच्या बाबांना हसत सांगितलं होतंत. मालक वाईट नव्हता. त्याने तीन महिने दिले, आणि दुसरी जागा बघ म्हणाला.

जागा होती. आमच्या कंपाउंडला मुलांचे खेळ बघायला कायमचा माणूस हवा होता. कंपाउंडच्या ठेकेदाराच्या नावावर तुमचा इकामा फिरवता आला असता. कदाचित. नियम रोज बदलत होते, त्यामुळे झालंच असतं असं कुणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. या "कदाचित"वर मी किती वर्षं काढली, ते तुम्हाला सांगून उपयोग नाही.

कमिटीच्या बैठकीच्या आदल्या संध्याकाळी तुमचा फोन आला. तुम्ही कधी कुणाकडे काही मागितलं नव्हतं, त्यामुळे तुम्हाला मागता येत नव्हतं. मुक्ताची चौकशी केलीत, तिच्या बाबांची केलीत, उकाड्याबद्दल बोललात. मग म्हणालात, "ताई, त्या दिवसाचं मनात ठेवू नका. उद्या माज्याबद्दल दोन शब्द बरे बोला."

"बोलते ना," मी म्हटलं.

क्लबाच्या खोलीत आम्ही पाच जण होतो. समोसे होते, चहा होता. अध्यक्षबाईंनी तुमचा अर्ज वाचला आणि माझ्याकडे वळल्या. "आप तो इन्हें सबसे अच्छा जानती हैं."

मी तुमची बदनामी केली नाही. तेवढी मी हुशार होते. मी म्हटलं, "माणूस अगदी प्रामाणिक आहे. फक्त मुलांशी जरा कठोर वागतात."

बस. एवढंच. यातला एक शब्दही खोटा नव्हता. खोटं बोलले असते तर कुणीतरी अडवलं असतं, जोएलचे वडील तिथेच बसले होते. पण अपंग मुलाची आई "कठोर" म्हणते तेव्हा चार माणसांच्या तोंडचा चहा थांबतो. कुणी म्हणालं, एखादी एजन्सी बघू. प्रशिक्षित लोक असतात त्यांच्याकडे, सर्टिफिकेटवाले. कुणी नको म्हटलं नाही. पुढचा विषय दिवाळीच्या स्टॉलचा होता.

दुसऱ्या दिवशी तुम्ही विचारलंत, "काय झालं ताई?"

"काय होणार हमीदभाई," मी म्हटलं. "सौदायझेशन. नियमच असे आहेत. आम्ही खूप प्रयत्न केला."

"व्हय. नियमापुढे तुमी तरी काय करणार," तुम्ही म्हणालात. आणि वर मला धीर दिलात. "वायट वाटून घेऊ नका."

त्या एका शब्दामागे इथे किती जण लपले असतील, याचा मी हल्ली विचार करते. भागीदाराला फसवणारे, माणूस नकोसा झाला म्हणून काढणारे, मदत करायची नव्हती म्हणून न करणारे. सगळ्यांना आयतं उत्तर मिळालं होतं. बिचारे सौदी! त्यांच्या मुलांना त्यांच्याच देशात कामं हवी होती, यात त्यांचं काय चुकलं? तुमची दुकानातली नोकरी कायद्याने गेली. पण दुसरी, मिळू शकली असती ती, मी घालवली. नाशिकच्या एका सुशिक्षित बाईने, मराठी माणसाची, समोसा खाता खाता.

तुमच्या शेवटच्या शुक्रवारी मुलांनी पोस्टर केलं होतं. मी खाली आले नाही. खिडकीच्या पडद्याआडून बघत होते. तुम्ही निरोपाचं भाषण वगैरे केलं नाहीत. सामना खेळवलात, मुक्ताला दोनदा बाहेर काढलंत आणि दोनदा परत आत घेतलंत. शेवटी गुण सांगितलेत. मुक्ताची बाजू हरली होती. मग तुम्ही चाकांची खुर्ची क्लबात नेऊन ठेवलीत, गेटवरून इकामा घेतलात आणि गेलात. खलास.

एजन्सीची मुलगी आली. हसतमुख होती, गाणी लावायची, मुलांच्या गालांवर फुलपाखरं रंगवायची. सगळ्यांना बिल्ले मिळायचे. चेंडू प्रत्येकाच्या हातात नेऊन दिला जायचा. चार महिन्यांत मुलं यायची बंद झाली, आणि आम्ही म्हणालो, मुलांचा रसच गेला. नंतर परदेशी कुटुंबांवरची सरकारी फी वाढली, जोएलची माणसं केरळला गेली, सना गेली. त्या कोर्टावर आता काचेच्या भिंतींचं, टेनिससारख्या पॅडल खेळाचं कोर्ट आहे. संध्याकाळी तिथे नंबर लावावा लागतो.

तुमचा खेळ मात्र मेला नाही, हमीदभाई. अबीरच्या केंद्रात तो अजून चालतो. तिने वहीत उतरवला तसाच, घुंगरं, टाळ्या, पाच हात, सगळं. यल्लाबॉल हेच नाव. तुमच्या खेळाचंही सौदायझेशन झालं, असं मुक्ताचे बाबा एकदा म्हणाले. पूर्वी इथे मुली मैदानावर दिसायच्या नाहीत, आता त्यांच्या टीम आहेत. अबीरच्या मुलांकडे खऱ्या खेळाच्या खुर्च्या आहेत. हे ऐकून तुम्ही आनंदाने मांडीवर थाप मारली असतीत. मी तुम्हाला कधी कळवलं नाही. कळवलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग बायला का नाय पाठवत तिथं?

का नाही पाठवलं? लांब आहे, गाडी नसते, भाषा येत नाही. कारणं माझ्याकडे भरपूर. तिथेही गुण मोजतात, हे खरं कारण.

आता आमचंही इथलं संपत आलंय. मुक्ताचे बाबा एका तरुण सौदी इंजिनिअरला स्वतःचं काम शिकवतायत. चांगला मुलगा आहे, ईदला घरी खजूर घेऊन येतो, यांना अम्मी म्हणजे काका म्हणतो. तो तयार झाला की आम्ही नाशिकला. यांच्यासाठी कंपनीत कुणी दोन शब्द बरे बोललं का, ते मी विचारत नाही.

मंगळवारी संध्याकाळी मी मुक्ताला तुमची बातमी सांगितली. ती एकोणीस वर्षांची आहे आता, घरूनच बी.कॉम. करते. तिने लॅपटॉप मिटला. मला वाटलं, तिला जवळ घ्यावं. मी म्हटलं, "त्यांच्यावर राग धरू नकोस हं. त्या दिवशी तुला रडवलं त्यांनी, पण मनाने..."

"सरांनी?" ती म्हणाली. "सरांनी कुठे रडवलं?"

"सामन्यात. बाहेर काढलं तेव्हा."

"मम्मा, वी वेअर लूजिंग. तीन बॉल माझ्यामुळे गेले होते. रोना तो आएगा ना." मग माझ्याकडे नीट बघून, मराठीत, सावकाश, जसं ती फक्त महत्त्वाचं सांगायचं असलं की बोलते, "मी परत जाणार होते. दोन मिनिटांनी. तू मला घरी घेऊन आलीस."

मी विचारलं, तेव्हाच का नाही बोललीस?

"बोलत होते. पूर्ण रस्ता बोलत होते."

आठ वर्षं माझ्या मनात ती तुमच्यामुळे रडत होती, हमीदभाई. मी तिला एकदाही विचारलं नव्हतं. त्या रात्री तिने मला न सांगता अबीरला शोधून मेसेज केला. पुढच्या आठवड्यात जाणार आहे. तिच्या बाबांबरोबर. मला यायला सांगितलेलं नाही.

बुधवारी मी रुकय्याभाभींना फोन केला. आम्ही कधी भेटलो नव्हतो. घरात माणसं होती, मागे कुणीतरी कुराण वाचत होतं. भाभी शांत होत्या. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "तुमी मुक्ताच्या आई ना? हे तुमचं नाव लई काढायचे. तिकडं नोकरी गेली तवा तुमी एकट्यानी किती धावपळ केलीत, सगळं सांगितलं त्यांनी. सरकारपुढं कुनाचं चालत नाय, पन आपल्या बाजूनं बोलनारं एक तरी मानूस होतं, म्हनायचे. अल्ला तुमचं भलं करो."

मी "हो" म्हटलं. "हो भाभी, काळजी घ्या." फोन ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले.

तुम्हाला खरं माहीत नव्हतं, म्हणून तुम्ही हे त्यांना सांगितलंत? की कळलं होतं, जोएलच्या वडिलांनी सांगितलं असणारच, आणि तरीही घरी जाऊन माझं नाव चांगलं ठेवलंत? की परदेशातून रिकाम्या हाताने परतलेल्या माणसाला बायकोसमोर एवढं तरी म्हणायचं होतं, की तिथे आपलं कुणी होतं? मला यातलं काहीच कळणार नाही. ज्याला विचारायचं तो गेला.

गुरुवारी मी परत फोन लावला. रात्रभर ठरवून लावला. वाटलं, एकदा तरी रेषेच्या योग्य बाजूला उभं राहावं. मी भाभींना सगळं सांगितलं. चेंडू विकणारा म्हणाले ते. बैठकीत बोलले ते. नंतर तुमच्याशी खोटं बोलले ते. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. 

"मग आता मला कशाला सांगितलंत ताई?" त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "ते गेले. माज्यापाशी त्यांच्या तिकडच्या दिवसांतली एक चांगली गोष्ट होती. तेवढी तरी ठेवायची होतीत."

फोन त्यांनीच ठेवला.

तुमची माफी मागायला मी हे लिहायला बसले होते, हमीदभाई. आता तुम्हा दोघांची मागायची आहे, तुमची आणि भाभींची. आणि दोघांपैकी एकानेही ती द्यावी, असं मी काही केलेलं नाही.

नीलिमा